दुखत नाही म्हणणारा स्टॉपर

मी फुटबॉल संघाची मॅनेजर होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे कोच का?" कोच नव्हे. कोच खेळ शिकवतो आणि उरलेलं सगळं मॅनेजरच्या गळ्यात पडतं. कुणाला अंडं चालत नाही, कुणाची बायको बाळंत होणार आहे, हॉटेलात कुणाला कुणाच्या खोलीत ठेवायचं, कोण घोरतो, पावसाने मैदान बंद झालं तर सरावासाठी कुणाचे पाय धरायचे, हे सगळं माझ्याकडे. पुरुषांच्या संघात मी एकटी बाई. सुरुवातीला मुलं मला बघून कपडे बदलायच्या खोलीत पळायची. पुढे मी दार वाजवून "आत कोण उघडं आहे?" असं विचारायला लागले, आणि आतून "कोच सोडून सगळे" असं उत्तर यायला लागलं.

मी स्वतः खेळलेली आहे. लालबागच्या चाळीत मुलीला फुटबॉलपासून लांब ठेवण्याचे जेवढे उपाय होते तेवढे वडिलांनी करून बघितले, मग ते कंटाळले आणि मी राज्याच्या संघातून राइट बॅक खेळले. पण तो आजचा विषय नाही. विषय आहे संघ बांधण्याचा, आणि एका माणसाला संघाबाहेर ठेवण्याचा.

संघ बांधणं म्हणजे अकरा चांगले खेळाडू गोळा करणं, असं लोकांना वाटतं. अकरा नावं तर परळ नाक्यावरचा पानवालाही सांगेल. डोकेदुखी बाराव्या नावापासून सुरू होते. गोलकीपर तीन लागतात, आणि त्यातला तिसरा वर्षभर एकही मॅच न खेळता हसतमुख राहील असा शोधावा लागतो. डाव्या पायाचा बॅक मिळता मिळत नाही. दोन स्ट्रायकर एकमेकांशी बोलत नसले तरी चालतं, पण दोन स्टॉपर बोलत नसतील तर गोल खाल्लाच म्हणून समजा. स्टॉपर म्हणजे गोलच्या तोंडाशी मधोमध उभा राहणारा बचावपटू. संघाचा खांबच तो. या सगळ्यांना ठरावीक जागांत बसवायचं आणि नोंदणीची मुदत संपायच्या आत संगणकावरून पाठवायचं. ज्याचं नाव गेलं तो खेळणार. ज्याचं राहिलं तो जानेवारीत नोंदणी पुन्हा उघडेपर्यंत बाहेर. तिथे गयावया चालत नाही.

आणि नाव घालताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. तो माणूस हंगामभर टिकेल का? पायाने आणि डोक्यानेही.

दारूची मला कधी फारशी भीती वाटली नाही. आमच्याकडे गिरगावातल्या खोताच्या वाडीजवळचा ग्लेन नावाचा विंगर होता. तो प्यायचा, आणि ते सगळ्या संघाला कळायचं, कारण प्यायलेल्या दिवशी तो इतकं अत्तर मारून यायचा की कोच त्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा करायचा. दारूला वास असतो, डोळे लाल होतात, जीभ जड होते. माणूस सापडतो, आपण भांडतो, तो रडतो, पुढे काहीतरी वाट निघते. ग्लेनची निघाली. ज्या व्यसनाला वासच नाही, ते बाजूला येऊन बसतं तरी कळत नाही.

आमचा क्लब परळचा. शहराच्या लीगमध्ये बरीच वर्षं झगडून आम्ही त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवरच्या खालच्या गटात चढलो होतो. मालकांनी नवी बस घेतली, नव्या जर्सीचा रंग ठरवायला तीन बैठका झाल्या. आणि या सगळ्याच्या मधोमध होता आमचा कॅप्टन, प्रशांत.

प्रशांत वरळी कोळीवाड्यातला. वय एकतीस. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. त्याची आई दादरच्या बाजारात मासे विकायची, अजूनही विकते. लग्नानंतर तो आणि त्याची बायको सायली प्रभादेवीला एका खोलीत राहत होते. सायली दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असायची. दोन हंगामांपूर्वी प्रशांतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि सगळे म्हणाले की आता संपला. पण तो परत आला, आणि असा आला की पूर्वीपेक्षा जास्त धडकायला लागला. उडी मारायला मागेपुढे बघायचा नाही. पडला तर उठून हसायचा. कुणी "लागलं का?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "काय नाय, दुखत नाय." मुलं त्याला लोखंड म्हणायची. मालकांनी त्याचा फोटो बसवर मागच्या बाजूला, माणसाच्या दुप्पट उंचीचा लावला.

पहिली शंका आली ती मेघनाला. मेघना आमची फिजिओ. खेळाडूंचे स्नायू, सांधे, पट्ट्या, बर्फ हे तिचं खातं. एका सकाळी सराव चालू असताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि मैदानाकडे बघतच म्हणाली, "वंदनाताई, प्रशांतने माझ्याकडे गोळी मागायचं बंद केलंय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं नाहीये. त्याचा गुडघा मी हाताने बघते ना. दुखायलाच पाहिजे तो. ऑपरेशननंतर दर सरावाला मागायचा, मी मोजून द्यायचे, वाद घालायचा. आता सहा-सात महिने झाले, एकदाही मागितली नाही. त्याच्याकडे दुसरीकडून येतेय."

मी तिला म्हटलं की तू फार विचार करतेस. पण एकदा कानावर पडल्यावर मलाही दिसायला लागलं. जेवताना त्याचे डोळे मिटायचे. गार खोलीत बसून तो घामाने भिजायचा. हाताची आतली बाजू सतत खाजवायचा. बैठकीत मध्येच उठून बाहेर जायचा आणि थोड्या वेळाने शांत होऊन परत यायचा. यातलं एकेक सुटं घेतलं तर काहीच नाही. एकत्र ठेवलं की मेघनाचं खरं वाटायला लागायचं. त्यात नोंदणीची मुदत जवळ येत होती, आणि पहिलं नाव त्याचं होतं.

मी त्याला सामान ठेवायच्या खोलीत बोलावलं. चेंडूंच्या जाळ्या आणि कोन यांच्या मध्ये तो स्टुलावर बसला.

"प्रशांत, गुडघ्यासाठी काय घेतोस?"

"काय नाय मॅडम."

"मेघनाकडून घेत नाहीस, ते मला माहीत आहे. दुसरीकडून?"

"दुखतच नाय तर कशाला घेऊ?" तो हसला. "तुम्हाला पायजे तर तपासा ना."

तपासणीची वेळ येणारच होती. राष्ट्रीय पातळीवर गेलं की खेळाडूंची लघवी कधीही तपासायला मागतात, आणि वेदना मारणाऱ्या काही गोळ्यांना मॅचच्या दिवशी बंदी असते. तो सापडला तर त्याच्यावर बंदी, क्लबची बदनामी, आणि कोळीवाड्यात त्याच्या आईने मान वर करून कसं फिरायचं? हे मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता की नाही, मला अजूनही सांगता येत नाही. तो माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता.

मुदतीच्या चार-पाच दिवस आधी एक सरावाची मॅच होती. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि मैदान जड झालं होतं. पूर्वार्धात प्रशांत एका स्ट्रायकरच्या पायावर घसरत गेला. दोघेही पडले. आवाज कडेला बसलेल्या मला ऐकू आला, काकडी मोडल्यासारखा. स्ट्रायकर पाय धरून लोळत होता, म्हणून सगळे त्याच्याकडे धावले. त्याला काही झालं नव्हतं. प्रशांत उठला, चिखल झटकला आणि पूर्ण मॅच खेळला.

मॅच संपल्यावर तो बाकावर बसून पट्टी सोडत होता. मेघना त्याच्या पुढ्यात बसली आणि त्याचा उजवा बूट ओढायला लागली. निघेना. मग तिने कात्रीने नाडी कापली, बूट फाकवला. मोजा हळूच सोलून काढला. पाऊल वांग्यासारखं जांभळं होऊन सुजलं होतं आणि करंगळीच्या मागचं हाड कातडीखाली वेगळंच वर आलं होतं. तसल्या पावलावर तो तासभर धावला होता.

"दुखतंय?" मेघनाने विचारलं.

"नाय," तो म्हणाला. मग त्याने स्वतः खाली बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होते. इतका वेळ जो माणूस माझ्याशी खोटं बोलत होता, तो त्या क्षणी खरं बोलला होता. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. आपल्या पावलाकडे तो दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसा बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या ओठांचा रंग गेला.

इस्पितळात प्लास्टर घालून घेता घेता त्याने मेघनाला सगळं सांगितलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच गोळी लिहून दिली होती, थोड्या दिवसांसाठी. चिठ्ठी जुनी झाली, गोळी चालू राहिली. आधी गुडघ्यासाठी, मग सरावासाठी, मग सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी. एकाची दोन झाली, दोनाची किती झाली ते त्याने सांगितलं नाही. ओळखीचा एक माणूस आणून द्यायचा. न घेतली तर हातपाय कापायचे आणि मेल्यासारखं वाटायचं.

मेघनाने ओळखीच्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, दाखल करा, हळूहळू उतरवू, त्याला आपल्या मनाने एकदम बंद करू देऊ नका. आणि त्याला खेळायची घाई आहे तोवर हे सुटणार नाही, हेही म्हणाल्या.

त्यावर आमची बैठक झाली. मालक, कोच बिनॉय सर, मेघना आणि मी. बिनॉय सर मूळचे बंगालचे, मुंबईत उभी हयात गेलेली, बोलायचे हिंदीत. ते म्हणाले, "हड्डी है, दो महीने में जुड़ जाएगी. नाम डाल दो वंदनाजी. सेंटर में मेरे पास दूसरा है कौन?" मालकांना बसवरचा फोटो दिसत होता. ते म्हणाले, फ्रॅक्चर झालं हे जाहीर करा, गोळ्यांचं कुठे बोलायचं नाही, नाव राहू द्या. मेघना म्हणाली, नाव घातलं तर दोन महिन्यांनी तो मैदानावर असेल, आणि गोळ्याही असतील.

तिघांचंही खरं होतं, हाच त्रास होता. बिनॉय सरांकडे दुसरा तसा स्टॉपर खरोखरच नव्हता. शेवटी मालक उठता उठता म्हणाले, "मॅनेजर तुम्ही आहात. तुम्ही ठरवा, पण जबाबदारी तुमची."

मी प्रभादेवीला त्याच्या घरी गेले. तो पलंगावर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसला होता. सायली चहा करत होती. मी सांगितलं, आधी दाखल हो, जानेवारीत बघू.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाव घाला. मी जातो दाखल व्हायला. उद्या जातो. पण नाव घाला."

"आधी तू जा."

"मॅडम, मला दुसरं काय येतं? दहावी नापास आहे मी. नाव नसलं तर मी कोण? आयेच्या टोपलीवर बसू?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही लोकांनीच लोखंड लोखंड केलं ना? बसवर लावलं ना? आता भंगारात काढता."

सायलीने गॅस बंद केला. चहा कुणी प्यायला नाही.

मुदतीच्या दिवशी सकाळी सायलीचा फोन आला. ती आंघोळीला गेली होती तेवढ्यात प्रशांत कुबड्या घेऊन घराबाहेर पडला होता. फोन बंद. गोळ्यांची पाकिटं तो ज्या डब्यात लपवायचा तो तिला माहीत होता. डबा रिकामा होता. सगळ्या घेऊन गेला, की सगळ्या एकदम गिळल्या, हे तिला कळत नव्हतं.

त्या दिवशी मी क्लबच्या ऑफिसात संगणकासमोर बसले होते. पडद्यावर आमच्या संघाची नावं होती आणि एक जागा मोकळी होती. बिनॉय सरांनी पुण्याहून एक स्टॉपर सुचवला होता, बरा होता, बरा म्हणजे फक्त बरा, त्यापेक्षा जास्त नाही. मेघना आणि दोन खेळाडू मोटरसायकलवरून दादर, प्रभादेवी, पोर्तुगीज चर्चचा नाका, सगळीकडे फिरत होते. दर थोड्या वेळाने त्यांचा फोन यायचा, नाही सापडला म्हणून. कुठलीही रुग्णवाहिका रस्त्यावरून ओरडत गेली की मी खिडकीशी जायचे.

दुपारी सायलीचा पुन्हा फोन. ती रडत नव्हती, आवाज कोरडा झाला होता.

"ताई, त्याचं नाव घाला ना. कुणीतरी त्याला सांगेल, तो ऐकेल, परत येईल. मागून काढा हवं तर."

"मागून काढता येत नाही गं."

"मग राहू द्या. जिवंत तर राहील."

मी फोन ठेवला. खुर्चीत बसून मी नुसती पडद्याकडे बघत राहिले. तिचं म्हणणं खरं असेल तर माझ्या एका बोटामुळे एक माणूस जाणार होता. डॉक्टरांचं खरं असेल तर तो नाव घातल्यामुळे जाणार होता, फक्त थोडा उशिरा आणि सगळ्यांच्या टाळ्यांत. कुठलं खरं हे सांगणारं कुणी नव्हतं. देवाला हात जोडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी जोडले. मग मी पुण्याच्या मुलाचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. ते गेल्याची खूण पडद्यावर आली.

त्यानंतर तासाभराने प्रशांतच्या आईचा फोन आला. "बाय, हिथं ये. हिथंच हाय तो. कुणाला नको आणू."

पावसाळ्यात कोळीवाड्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. जाळी विणणाऱ्या एका नातेवाइकाला त्यातल्या एका होडीला टेकवलेल्या कुबड्या दिसल्या होत्या. होडी प्रशांतच्या मामाची. त्याची आई होडीच्या कडेला हात ठेवून उभी होती. बाजारातून तशीच आली होती, हाताला कोळंबीचा वास होता. ती मला म्हणाली, "सगळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या म्हणतो. सकाळपासून थरथर थरथर करते पोर. ताप नाय आणि काय नाय. माझी शपथ घालून विचारलं, तेव्हा सांगितलं गो सगळं." मग आवाज खाली घेऊन तिने विचारलं, "माझं पोर गर्दुल्ला झालाय काय?"

मी म्हटलं, "आजारी आहे, मावशी."

मी ताडपत्री उचलली. आत दोरखंडांवर तो अंग आखडून पडला होता. घामाने निथळत होता, नाकातून पाणी येत होतं, दात वाजत होते. प्लास्टर भिजून मऊ झालं होतं. आता त्याचं पाऊल दुखत होतं, गुडघा दुखत होता, पाठ, पोट, दात, सगळं. दोन वर्षांचं सगळं दुखणं एकदम आल्यासारखा तो कण्हत होता. मला बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "घातलं नाव?"

खोटं बोलायचा मोह झाला. तो एवढा आजारी होता की खोटं बोलले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्याची आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. वर ताडपत्रीवर थेंब पडायला लागले होते. मग तो म्हणाला, "मग आता पळून तरी काय करू? न्या कुठे न्यायचं तिथे."

मी मेघनाला फोन करून बोलावून घेतलं; मामा, ती आणि जाळीवाल्याने मिळून त्याला होडीतून उतरवलं. परळच्या सरकारी इस्पितळात त्याला दाखल केलं. व्यसनमुक्तीच्या त्याच डॉक्टर बाईंनी गोळ्या पाण्यात टाकल्याचं ऐकून कपाळाला हात लावला. असं एकदम तोडलं की शरीर उलटतं, झटके येऊ शकतात, त्या म्हणाल्या. त्याला आले नाहीत, हे नशीब.

सिनेमात यापुढे सगळं बरं होतं. आमचं झालं नाही. आमचा हंगाम वाईट गेला. पुण्याचा मुलगा मनापासून खेळला, पण प्रशांतची जागा भरून निघाली नाही. गोल मधूनच व्हायचे, आणि प्रत्येक गोलनंतर बिनॉय सर कडेला बसलेल्या माझ्याकडे एकदा बघायचे. बोलायचे काही नाहीत. त्यांनी बोलावं असं मला वाटायचं. हंगामाच्या शेवटी आम्ही जिथून चढलो होतो तिथेच खाली आलो. तीन-चार खेळाडूंना दुसरे क्लब मिळाले नाहीत. बिनॉय सर दुसऱ्या शहरात गेले. जाताना सगळ्यांना भेटले, माझ्या टेबलावरून पुढे गेले. त्याची खंत मला आहे. संघ बांधणं हे माझं काम होतं, आणि त्या वर्षी तो माझ्या हातून बांधला गेला नाही, हे मी कुणाहीपुढे मान्य करीन.

पण मधे जानेवारी येऊन गेला, तो सांगायचा राहिला. नोंदणी पुन्हा उघडली होती. प्रशांत इस्पितळातून कधीच बाहेर आला होता, मधे एकदा पुन्हा गोळ्यांवर घसरला, परत गेला, परत आला. आता हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी हलका सराव करायला हरकत नाही म्हटलं होतं. बिनॉय सरांना तो हवाच होता. सकाळी तो मैदानावर आला तेव्हा सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजला. बूट घालून आत गेला.

सुरुवातीला बरा पळाला. मग एक उंच चेंडू आला. त्याने उडी मारली, डोकं लावलं, चेंडू लांब गेला, आणि खाली येताना त्याचा गुडघा आत वळला. तो उभा राहिला. पुन्हा पळाला. पुन्हा एक चेंडू आला, आणि या वेळी त्याने उडीच मारली नाही. स्ट्रायकर त्याच्या डोक्यावरून गोल करून गेला. प्रशांत चालत चालत कडेला आला आणि माझ्या शेजारी बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "हा गुडघा तेव्हाच संपलेला. मी नाय खेळत होतो दोन वर्षं. गोळ्या खेळत होत्या."

बिनॉय सर लांबून हाताने विचारत होते, काय झालं. प्रशांतने त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, वाकून, देवळात करतात तसा. मग बूट सोडले. माझं नाव घालू नका, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. खेळ संपल्याचं जे वाक्य ऐकायला मी त्या पावसाळ्यापासून घाबरत होते, ते ऐकून मला सुटका वाटली, आणि सुटका वाटली याची लाजही वाटली.

आता तो मामाबरोबर होडीवर जातो, आणि बाजारात लिलावाच्या वेळी आईच्या बाजूने उभा राहतो. आवाज मोठा आहे, उपयोगी पडतो. क्लबमध्ये येत नाही. मी निवृत्त झाले, मेघना अजून तिथे आहे. तिने एक केलं आहे, नवा खेळाडू घ्यायच्या आधी ती त्याला एकटं बसवून विचारते, तुला काय काय दुखतं? बहुतेक जण "काहीच नाही" म्हणतात. ती म्हणते, तेच मला सगळ्यात जास्त छळतं.

प्रशांतचा मला अधूनमधून फोन येतो. नाव दिसलं की अजूनही आधी वाईटच मनात येतं, तो "हॅलो" म्हणेपर्यंत. बहुतेक वेळा काही नसतं. पापलेट पाठवू का, असं असतं. गेल्या श्रावणात मात्र फोन आला तो दाढेचा. अक्कलदाढ उलटी आली होती, कापून काढावी लागणार होती. सायली कामावर होती. "मॅडम, तुम्ही याल का? एकट्याने जायला नको वाटतंय." आणि थोड्या वेळाने, "ते नंतर गोळ्या देतात ना."

प्रभादेवीला एका डेंटिस्टचा छोटा दवाखाना आहे. बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं, एक शाळकरी मुलगी, दोन म्हाताऱ्या, गालाला रुमाल धरलेला एक बँकेतला माणूस. आतलं दार उघडंच होतं. दाढ निघाली, प्रशांत तोंडात कापूस धरून खुर्चीत बसला होता, डॉक्टर तरुण होता, भराभर चिठ्ठी लिहीत होता. "आज रात्री फार दुखेल," तो म्हणाला, "म्हणून जरा स्ट्राँग देतोय."

मी बाहेरच्या बाकावरून उठले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं, डॉक्टरला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचं होतं.

प्रशांतने तोंडातला कापूस काढला. रक्त हनुवटीवर आलं. "ती नको डॉक्टर," तो म्हणाला, लिलावातल्या आवाजात, कारण दुसरा आवाज त्याला येतच नाही. "मला त्या गोळ्यांचं व्यसन आहे."

बँकेतल्या माणसाने रुमाल खाली घेतला. एक म्हातारी माझ्याकडे बघायला लागली, मी त्याची आई आहे असं समजून बहुतेक. डॉक्टरने पेन थांबवलं, चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. साधी गोळी, बर्फ, गार पेज. "हिने कमीच थांबेल," तो म्हणाला. "दुखेल."

"दुखू दे," प्रशांत म्हणाला आणि कापूस पुन्हा तोंडात घातला.

आम्ही दादरकडे चालत निघालो. गाल धरून तो वाटभर कण्हत होता, शिव्या घालत होता, डॉक्टरला, दाढेला, मला. चालता चालता त्याने खिशातली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गोळ्या तुम्हीच घ्या विकत. सायलीकडे द्या."